जुलैत आठवडाभर शिडाची बोट : मरीना कुठली धरावी? (हिला चोर्ला घाटात गाडी लागते)

फौंड्रीवाला, बेळगाव

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत माझी छोटी फौंड्री आहे. समुद्राशी संबंध एवढाच की बहीण वेंगुर्ल्याला दिलीय. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, हल्ली श्टुटगार्टला असतो. त्यानं आणि त्याच्या बायकोनं तिकडं शिडाची बोट चालवायचं लायसन काढलंय. जुलैत चाळीस फुटी बोट एका आठवड्यासाठी भाड्यानं घ्यायची आणि आम्हा दोघांना फिरवायचं असं त्यांचं ठरलंय. बोटीवर सहा जण : ती दोघं, त्यांची नऊ वर्षांची मुलगी, त्याची सासू, मी आणि आमची ही.

भाच्यानं मला काम लावलंय. मरीना म्हणजे असल्या बोटी रात्री बांधून ठेवायचं छोटं बंदर. "मामा, तू लग्नाच्या याद्या करतोस तशी मरीनांची यादी कर. बोट मी चालवीन, रात्री कुठं बांधायची ते तू ठरव." तीन जागा त्यानं दिल्यात. क्रोएशियात स्प्लिटच्या आसपास, ग्रीसमध्ये अथेन्सहून खाली सिक्लाडीस बेटांकडं, नाहीतर ग्रीसच्याच पश्चिमेला लेफकादाच्या बाजूला. पंधरा दिवस रात्री जेवण झालं की हेच बघूलोय. सगळ्या मरीनांचे फोटो सारखेच. निळं पाणी, पांढऱ्या बोटी. सगळीकडं वीज, पाणी, शॉवर, स्वच्छतेचा तो निळा झेंडा. निवडायचं कशावरून?

अडचणी आधीच सांगून टाकतो. हिचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बदललाय. चोर्ला घाटात तिसऱ्या वळणाला हिला गाडी लागते. रात्री दोनदा उठावं लागतं. माहेर गोकाकचं, शुद्ध शाकाहारी, आणि आषाढी त्याच दिवसांत येते. मला स्वतःला कसलीच अडचण नाही, पण माझं कोण विचारतंय.

---

निपाणीचा खलाशी

फौंड्रीवाले, तुम्ही मरीनेपासून सुरुवात केलीत, तिथंच चुकलं. आधी वारा निवडा. मरीना मागनं आपोआप ठरते.

मी निपाणीचा. वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. तिथनं मी समुद्रावर कसा पोचलो ते पुन्हा कधीतरी. सात उन्हाळे भूमध्य समुद्रात भाड्याच्या बोटींवर काढलेत. पहिली दोन वर्षं स्वयंपाकी, मग दोर-नांगरावर, शेवटची तीन सुकाणूवर. तिकडचा उन्हाळा म्हणजे जून ते सप्टेंबर हे लक्षात असू दे. आपल्याकडं तेव्हा आंबोलीत धबाबा कोसळत असतो, तिकडं ढग औषधाला नसतो.

पण ढग नाही म्हणजे वारा नाही असं नव्हे. अथेन्सच्या खालच्या बेटांवर जुलै-ऑगस्टात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आकाश निळंशार आणि वारा बोफर्ट मापावर (बारा म्हणजे तुफान) सहा-सात. एकदा लागला की तीन-चार दिवस थांबायचं नाव नाही. जाताना पाठीवर असतो म्हणून मजा वाटते. परत अथेन्सला येताना तोच तोंडावर, आणि बोट प्रत्येक लाटेवर आपटत वर चढते. लोक एखाद्या बेटावर अडकून पडतात, बोट तिथंच सोडून फेरीनं परततात. तिसऱ्या वळणाला ज्यांना गाडी लागते त्यांना तिथं नेऊ नका. भाच्याला सांगा, निपाणीच्या माणसानं हात जोडलेत.

अथेन्सच हवं असेल तर जवळच्या सारोनिक आखातात राहा : एजिना, पोरोस, हिद्रा. तिथं जोर कमी. हिद्रा सुंदर आहे, बेटावर मोटारगाड्याच नाहीत, सामान गाढवांवरनं जातं. पण बंदर मुठीएवढं. सगळे एकमेकांच्या नांगरावर नांगर टाकतात. सकाळी निघताना खालच्या साखळ्या वडाला गुंडाळलेल्या सुतासारख्या झालेल्या असतात, आणि आधी कोणी सोडवायच्या यावर आठ भाषांत भांडण.

क्रोएशियात सकाळी वारा पडलेला असतो. दुपारी वायव्येकडनं माएस्त्राल सुटतो आणि संध्याकाळी शहाण्या मुलासारखा निजतो. आपल्या शाळेच्या भूगोलातला खारा वारा असतो ना, त्यातलाच प्रकार. अधनंमधनं डोंगरावरनं खाली झेपावणारा बुरा येतो. नावच बुरा, आणि आहेही तसाच, पण जुलैत तो क्वचित. मरीना तिथल्यासारख्या नीट कुठंच नाहीत. वायरलेसवर सतरा नंबरच्या चॅनेलवर हाक मारायची, पोरगा धावत येऊन दोर हातात देतो. किनाऱ्याला ओळीनं एकाच कंपनीच्या वीसेक मरीना आहेत. पण जुलै-ऑगस्टात भाडं ऐकून तुम्ही फौंड्री विकायला काढाल, आणि दोननंतर पोचलात तर जागा नाही.

लेफकादाच्या बाजूला वारा तसाच, दुपारचा, वायव्येचा. पण समोर मेगानीसी आणि इतर बेटं, मागं मुख्य भूमी, त्यामुळं मधलं पाणी पुष्कळदा हिडकल धरणासारखं. एका मुक्कामापासून दुसरा दहा-पंधरा सागरी मैलांवर. ताशी पाच मैलांनी चाललात तरी तीन तासांत पोचता. वहिनींना बोट लागायच्या आत नांगर पडलेला असतो. माझं मत तिथं.

---

मारुती गल्लीतला

हिडकलला मरीना होईपर्यंत थांबा की. सीमाप्रश्न सुटला की लगेच होणार आहे.

---

कॅम्पातला निवृत्त

मी नौदलात होतो, बोटींवर कमी आणि किनाऱ्यावर जास्त. निपाणीकरांनी वारा आधी म्हटलं ते शंभर टक्के. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा काळ हे एक कारण झालं, पण त्या दिवसांत आपला समुद्र छोट्या बोटींचा नसतोच. भाच्याचा जन्म वेंगुर्ल्याचा म्हणजे त्याला हे सांगायला नको.

थोडं अवांतर. २००९-१० साली दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' नावाच्या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. बोट गोव्यात बांधली आणि तिला नाव मिळालं ते आपल्या खानापूरच्या जंगलात उगम पावणाऱ्या नदीचं. त्या नदीच्या पाण्यावरनं भांडताना हे कुणाला आठवत नाही. तेव्हा मारुती गल्लीवाले, बेळगाव जिल्ह्याचा समुद्राशी संबंध नाही असं समजू नका.

---

शहापूरची, सध्या फ्रँकफर्टला

काका, मी दोन्हीकडं जाऊन आलेय. बोट चालवत नाही, नुसती बसते, त्यामुळं बसणाऱ्यांच्या बाजूचं सांगते.

व्हिसा : ग्रीस शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट) आहेच, आणि क्रोएशियाही १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला. युरोही त्याच दिवसापासून. म्हणजे जर्मनीचा शेंगेन व्हिसा दोन्हीकडं चालतो. पण जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडं अर्ज करायचा असतो. श्टुटगार्टला पंधरा दिवस आणि बोटीवर आठ, तर जर्मनीकडंच. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, जुलैसाठी उशीर करू नका. माझ्या आईबाबांना अर्जासाठी बेंगळुरूला जावं लागलं होतं. पुणं जवळ पडतं हे तिथं कुणाला सांगून उपयोग नाही.

जेवण : ग्रीसमध्ये काकूंचं मजेत चालेल. भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची मिळते, त्याला गेमिस्ता म्हणतात. पण कधीकधी त्यात खिमा असतो, विचारूनच मागवा. मोठ्या पांढऱ्या वालासारख्या दाण्यांची भाजी गिगांतेस. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण असतं त्याला फावा म्हणतात, वर कच्चा कांदा. जिऱ्याची फोडणी घातली की आपलंच. क्रोएशियात बटाटा घातलेली एक पालेभाजी, ब्लित्वा, ती मिळाली की आनंद, नाहीतर पास्ता. आषाढीला बटाटे आणि फळं मिळतीलच, साबुदाणा आणि दाण्याचं कूट घरून न्या.

एक सांगायचं राहिलं. क्रोएशियाला गेलातच तर शिबेनिकवरनं नदीतनं आत स्क्रादिनपर्यंत बोट जाते. तिथं गावाला लागूनच मरीना, दोन्ही बाजूंनी डोंगर, पाणी हलत नाही. तिथनं छोट्या बोटीनं क्र्का नदीच्या धबधब्यांकडं नेतात. काकू गोकाकच्या, त्यांना त्या धबधब्याचं फार कौतुक वाटायचं नाही, पण रात्र शांत जाईल.

---

फौंड्रीवाला, बेळगाव

सगळ्यांचे आभार. हिला गेमिस्ताचा फोटो दाखवला. म्हणाली, "भरली मिरची खायला एवढ्या लांब?" पण चेहरा खुलला होता.

निपाणीकर, लेफकादा जवळजवळ ठरलं. आता तुमच्यासारख्यांनाच विचारायचे प्रश्न. सातही रात्री मरीनेतच राहावं का? धक्क्यावर बोटीला १६ अँपिअरची वीज देतात म्हणे, त्यावर नक्की काय चालतं? आणि धक्क्यावरनं बोटीत फळीवरनं जातात म्हणे. गुडघा बदललेल्या बाईनं फळीवरनं जायचं?

---

निपाणीचा खलाशी

एकेक घेतो.

भाड्याची बोट शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास हातात येते आणि शुक्रवारी संध्याकाळी परत धक्क्याला आणावी लागते. पहिली आणि शेवटची रात्र तिथल्याच मरीनेत, ती भाड्यातच धरलेली असते. मधल्या पाच रात्रींत एकच रात्र पुन्हा मरीनेत किंवा गावच्या धक्क्यावर काढा. बुधवार धरा. पाणी भरायला, कपडे धुवायला, सासूबाईंना दुकानं दाखवायला. गावचा धक्का मरीनेपेक्षा बराच स्वस्त असतो. बाकीच्या रात्री तिथल्या खानावळींच्या धक्क्यांवर. सिवोताला आणि मेगानीसीत स्पार्तोहोरीला खानावळवाल्यांनी स्वतःच्या जेट्या बांधल्यात. जेवायला त्यांच्याकडं बसायचं, बोट बांधायचे पैसे नाहीत. स्पार्तोहोरीत एकच गोष्ट, जेट्टी खाली आणि गाव वर टेकडीवर. वहिनींनी खालीच जेवावं, वरचा देखावा तुम्ही फोटोत आणून दाखवा.

लेफकादाची मरीना गावाला चिकटून आहे. प्रेवेझाच्या विमानतळावरनं टॅक्सीनं अर्धा तास, मध्ये फेरीबोट नाही. बेट मुख्य भूमीला एका तरंगत्या पुलानं जोडलंय, बोटी जाव्यात म्हणून तो पूल तासाला एकदा बाजूला सरकतो. तुमची मरीना पुलाच्या दक्षिणेला आणि तुम्ही जाणार दक्षिणेलाच, तेव्हा त्या पुलाची वाट बघायची वेळ येत नाही. असल्या गोष्टी फोटोत दिसत नाहीत. उत्तरेकडच्या कोर्फू बेटाची मरीना कितीतरी मोठी आणि देखणी, पण तिथनं पुढचा बरा मुक्काम पाक्सोस बेट, म्हणजे पहिल्याच दिवशी तीसेक मैल. तुम्हांला ते नको.

निळा झेंडा स्वच्छतेचा, कचऱ्याच्या व्यवस्थेचा, सुरक्षिततेचा. शेजारच्या बारमध्ये पहाटे तीनपर्यंत गाणी वाजतात का ते त्यात येत नाही. त्यासाठी नकाशात मरीनेच्या भोवती काय आहे ते बघा आणि जागा मागताना आतल्या टोकाची मागा.

अँपिअरचं तुम्हीच मला शिकवाल. १६ अँपिअर, २३० व्होल्ट, साडेतीन किलोवॉटच्या आसपास. एसी, पाणी तापवायचा बंब आणि चहाची किटली एकदम लावलीत तर धक्क्यावरच्या खांबातला स्विच पडतो आणि अंधारात तो शोधायला तुम्हांलाच जावं लागतं. मुख्य गोष्ट, बहुतेक बोटींवर जनरेटर नसतो, एसी चालतो तो धक्क्याची वायर जोडल्यावरच. खाडीत नांगर टाकला की वर झडप उघडी ठेवून निजायचं. जुलै आहे, घाम येणार.

पाणी टाकीत तीन-चारशे लिटर. सहा माणसं. बेळगावात आठवड्यातनं दोनदा नळ येणाऱ्या गल्लीत वाढला असाल तर काळजी नाही. श्टुटगार्टची नात मात्र शॉवर सोडून गाणं म्हणत बसेल, तिच्यावर लक्ष ठेवा.

आता फळी. तिकडं बोट पाठमोरी लावतात. मागची बाजू धक्क्याकडं, मध्ये हात-दीड हात पाणी, त्यावर फळी. मरीनेत पुढची बाजू धरून ठेवायला पाण्याखालनं आलेला तयार दोर असतो, गावच्या धक्क्यावर स्वतःचा नांगर टाकावा लागतो. तो पाण्यातला दोर ओढताना हातमोजे घाला, शिंपल्यांनी तळवे सोलून निघतात. आणि तो ताठ होईपर्यंत इंजिनाला हात लावू नका. सुकाणूवरच्या माझ्या पहिल्याच वर्षी मी घाई केली, ढिला दोर पंख्यात गुंडाळला. पाणबुड्या आला, त्यानं दोर कापला. पैसे माझ्या पगारातनं गेले आणि पाहुण्यांचा दिवस वाया. मरीनेचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती.

फळीची भीती वाटते तेवढी नसते. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर सहा तासांत दीड-दोन मीटरचा फरक पडतो, तिकडं बहुतेक ठिकाणी वीतभर. त्यामुळं सकाळी बांधलेली फळी रात्रीही तेवढ्याच उतारावर. एक माणूस बोटीवर, एक धक्क्यावर, मध्ये वहिनी. अनवाणी नको, रबरी तळव्याची चप्पल.

गुडघ्याला खरा त्रास दुसरीकडं आहे. डेकवरनं आतल्या खोलीत उतरायला शिडीसारख्या उभ्या पाच-सहा पायऱ्या असतात. रात्री दोनदा उठणाऱ्याला संडास खालीच आहे, ते ठीक. पण दिवसभरात वीसदा वर-खाली होतं. उतरताना पायऱ्यांकडं तोंड करून, दोन्ही हातांनी धरून. भाच्याला कॅटामरानचं विचारून बघा. दोन सांगाडे असलेली रुंद बोट, कलत नाही, बसायची खोली डेकच्याच पातळीवर. झोपायच्या खोल्यांना पायऱ्या असतात पण कमी. मरीनेत तिला दीडपट किंवा त्याहून जास्त भाडं पडतं आणि रुंद असल्यामुळं जागा लवकर मिळत नाही.

अजून एक. ग्रीसमध्ये लायसनवाल्याबरोबर बोटीची माहिती असलेला दुसरा माणूस दाखवावा लागतो. भाच्याची सून आहे म्हणजे प्रश्न मिटला. क्रोएशियाला गेला असतात तर वायरलेसचं सर्टिफिकेटही मागितलं असतं.

---

मारुती गल्लीतला

भाच्याची सून नव्हे हो, भाच्याची बायको. बोटीवर नाती उलटी होतात काय?

---

निपाणीचा खलाशी

भाचेसून म्हणायचं होतं. सात उन्हाळे इटालियन आचाऱ्यांबरोबर काढल्यावर एवढं मराठी उरलं हेच पुष्कळ.

---

फौंड्रीवाला, बेळगाव

काल रात्री भाच्याशी बोललो. कॅटामरानचं भाडं ऐकून तो गप्प झाला, मग म्हणाला मामीसाठी करू, पण आठवडा जुलैच्या ऐवजी जूनच्या शेवटी घेऊ, स्वस्त पडतो. तारखा बदलल्यामुळं आषाढीही बोटीवर येत नाही, हिनं लगेच होकार दिला. लेफकादातनं रविवारी निघायचं, सिवोता, मग इथाकी बेटावर किओनी, तिथनं फिस्कार्दो, बुधवारी गावचा धक्का, येताना मेगानीसी. दुपारी दोनच्या आत बोट बांधलेली पाहिजे असं मी यादीवर लाल शाईनं लिहिलंय. भाचा म्हणतो कारखान्याची शिफ्ट लावलीय मामानं.

शेवटचा प्रश्न, हिचा आहे. कुकर न्यावा का?

---

निपाणीचा खलाशी

न्या. तीन लिटरचा, मोठा नको. शेगडीच्या कडेला भांडं पकडणारे चिमटे असतात, त्यात छोटाच बसतो. बोट चालू असताना लावू नका, बांधल्यावरच. शहापूरच्या ताई म्हणतात ती पिवळी डाळ दुकानात मिळते, दोन शिट्ट्यांत शिजते. फक्त पहिली शिट्टी व्हायच्या आधी शेजारच्या बोटीला सांगून ठेवा. किओनीत बोटी एकमेकींना खेटून असतात. माझ्या वेळी एक डच म्हातारा आग विझवायचा सिलिंडर घेऊन आमच्या डेकवर आला होता, आणि वरण-भात खाऊन गेला.